झाडून ठेवलेली जागा

१

सुट्टी लागली की लोक समुद्रावर जातात. जुसिमारा झाडू घेऊन निघायची.

ग्वारुल्योस शहरातल्या सरकारी शाळेत ती वर्षभर चारशे मुलांचा भात आणि घेवडा शिजवायची. जुलैत शाळा बंद झाली, की पाठीला स्केटबोर्ड, हातात आखूड दांड्याचा झाडू, आणि सर्वांत स्वस्त तिकीट ज्या गावाचं मिळेल ते गाव. वय तेहतीस. या वयात बायका पोरांमागे धावतात, असं तिची आई ऐकवायची. जुसिमारा चार चाकांमागे धावत होती आणि त्याचा तिला काडीचाही पश्चात्ताप नव्हता.

रस्त्यावरचं स्केटबोर्ड म्हणजे निम्मं सफाईकाम. एक खडा चाकाखाली आला की दात हातात येतात, म्हणून आधी जागा झाडायची. मग फरशीच्या भेगांत गाडीचे पोचे बुजवायची पुट्टी भरायची, वाळेपर्यंत बसून राहायचं, अंगठा दाबून बघायचं. मग दगडी कठड्याच्या कडेवर मेणबत्ती घासायची, म्हणजे बोर्डाचा अॅक्सल, चाकांचा लोखंडी दांडा, तिच्यावरून घासत सरकतो. एवढं करून पदरात काय पडणार, तर दहा सेकंदांचं चित्रण. तेही तोंडावर आपटलो नाही तर.

चित्रण करायचा अदेनिल्सन, म्हणजे देनी. एरवी फ्रीज दुरुस्त करायचा. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, आणि कॅसेटचा जुना कॅमेरा जो तो बायकोलाही हात लावू देत नसे. तीन वर्षं दोघं मिळून जुसिमाराची फिल्म करत होते. सगळी झाली होती, फक्त शेवट राहिला होता. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी वस्तीतल्या हॉलमध्ये दाखवायची म्हणून पत्रकंही वाटून झाली होती.

शेवट राहिला होता तो घोट्यामुळे. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा घोटा मोडला. आत एक पट्टी आणि सहा स्क्रू बसले. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, पुन्हा मोडलास तर तासभरसुद्धा उभी राहू शकणार नाहीस. आणि जुसिमाराची नोकरी तर चुलीपुढे उभं राहायचीच होती. तरी एक शेवट तिला हवा होता. एक उडी, एक लांब कठडा, एक धड उतरणं, मग बोर्ड माळ्यावर टाकायला ती तयार होती.

या वर्षी गाव निघालं अनापोलिस. औषधांचा ट्रक चालवणाऱ्या देनीच्या मेव्हण्याने तिथल्या एका चौकाचा फोटो पाठवला होता. लांबच लांब दगडी कठडे आणि चिटपाखरू नाही. अनापोलिसला कुणी फिरायला जात नाही. बसस्टँडमागच्या लॉजची मालकीण दोना इरासी खोलीची किल्ली देताना हळूच म्हणाली, "आजारी कोण आहे, पोरी? दवाखान्यासाठीच आलात ना?"

२

पहिल्या दिवशी सकाळी सातला ते फोटोतल्या चौकात पोचले.

इकडे गोयास प्रांतात मे महिन्यापासून पावसाचा थेंब नसतो. जुलैत तांबडी माती सगळीकडे बसते. बाकड्यांवर, पानांवर, वाळत घातलेल्या चादरींवर. चौकही तसाच लाल झाला होता. फक्त एका कठड्यापुढे बारा-पंधरा पावलांचा पट्टा स्वच्छ झाडलेला होता. झाडूच्या काड्यांच्या रेघासुद्धा ताज्या होत्या.

"महापालिका," देनी म्हणाला.

"महापालिका एवढाच तुकडा झाडते?"

"आपल्याकडे तेवढाही झाडत नाही."

जुसिमारा वाकली. पट्ट्यातल्या भेगेत पुट्टी भरलेली होती. वाळलेली, वरून घासून सपाट केलेली. कठड्याच्या कडेवर मेणबत्ती फिरवलेली होती, दीड हात. ती जेवढी घासत गेली असती, बरोबर तेवढी.

"म्हणजे इथं पोरं आहेत," ती खूश होऊन म्हणाली. "आणि कामाची पोरं आहेत."

सहाव्या प्रयत्नाला तिने उडी मारून कठडा घासला आणि धड उतरली. शेवट म्हणावा असं ते नव्हतं, पण घोटा चालत होता. निघताना तिने पिशवीतली नवी मेणबत्ती कठड्यावर ठेवली. दुसऱ्याने तयार केलेली जागा वापरली की काहीतरी ठेवून जायचं, एवढी रीत बोर्ड खेळणारे सगळे पाळतात.

दुपारच्या जेवणाला दोना इरासीने कोंबडी-भात केला होता, त्यात पेकीची पिवळी फळं. "चावू नका हं, आत काटे असतात, नुसतं दातांनी खरवडायचं," असं तिने तीनदा बजावलं. जुसिमाराने विचारलं, गावात बोर्ड खेळणारी पोरं कुठे भेटतील?

"बोर्ड?" दोना इरासीने भिंतीला टेकवलेल्या त्या फळीकडे बघितलं. "बाई गं, मी एकसष्ट वर्षं इथं राहते. असलं काही आज पहिल्यांदा बघतेय."

३

दुसऱ्या दिवशीची जागा जुसिमाराने येताना बसच्या खिडकीतून हेरली होती. जुन्या बाजाराच्या मागे, सामान उतरवायचा लांब कट्टा. देनी तेव्हा घोरत होता. तिने ती गोष्ट ना त्याला सांगितली होती, ना कुणाला.

कट्टा झाडलेला होता.

जुसिमारा थांबली. झाडू तिच्या हातात तसाच राहिला. बहुतेक लोक डावा पाय पुढे ठेवून खेळतात. तिचा उजवा पुढे असतो, म्हणून ती सगळ्यांच्या उलट बाजूने कठड्यावर येते. मेणबत्ती उलट बाजूनेच घासलेली होती. कालच्यापेक्षा लांब, चांगली चार हात. आणि कडेला खाली मेणाचा जो चुरा पडला होता तो पांढरा नव्हता, निळसर होता. काल तिने ठेवलेली मेणबत्ती निळी होती.

"हे माझ्यासाठी केलंय," ती म्हणाली.

"कुणी?"

ती खाली बसली. भेगेतल्या पुट्टीवर अंगठ्याचा ठसा उठला होता. वाळली का ते बघायला तीही असाच अंगठा दाबायची. तिने आपला अंगठा त्या खड्ड्यात ठेवून बघितला. ठसा थोडा मोठा होता. त्यात रेषा नव्हत्या. एकही नाही. चमच्याची पाठ दाबावी तसा गुळगुळीत खड्डा.

"गवंडी असेल," देनी घाईने म्हणाला. "सिमेंटने गवंड्यांच्या बोटांच्या रेषा जातात. माझ्या काकाला त्यापायी ओळखपत्र मिळेना."

ते पटण्यासारखं होतं, आणि जुसिमाराला पटवून घ्यायचंच होतं. तेवढ्यात बाजाराचा पहारेकरी आला, वाल्दिविनो नावाचा, हातात चहाचा पेला. एरवी पहारेकरी आला की बोर्ड उचलून पळायचं असतं. हा शांतपणे कट्ट्याला टेकला.

"झालं का तुमचं?" त्याने विचारलं. "पहाटेपासून चाललंय."

"आम्ही आत्ता आलो, काका."

"मग तुमच्यातलंच दुसरं कुणी असेल. पहाटे झाडत होतं. मी नमस्कार केला, उत्तर नाही. हल्लीच्या लोकांना तोंड उघडायला जड जातं."

"दिसायला कसं होतं?"

"आता काय सांगू? माणूस झाडतो तेव्हा वाकलेलाच असतो, चेहरा कुठे दिसतो." त्याने पेला हलवून तळाची साखर विरघळवली. "एक मात्र खरं. काम संपलं, झाडू खाली ठेवला, आणि कोपऱ्यापर्यंत तसंच वाकून चालत गेलं. मी म्हटलं, कंबर धरली असेल बिचाऱ्याची."

पहारेकरी गेल्यावर देनी म्हणाला, "जुसी, जागा बदलू."

जुसिमाराला भीती वाटली नाही असं नाही. पण त्या भीतीखाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते तिला नाकारता येईना. चारशे ताटं वाढणारी बाई ती. सकाळी साडेपाचला उठून पातेली चढवणारी, सगळ्यांचं झाल्यावर उभ्याउभ्या खाणारी. आजवर तिच्यासाठी कुणी आधी उठून काही तयार ठेवलं नव्हतं. आईनेही नाही, नवऱ्याने तर नाहीच, तो असेपर्यंत. आणि या परक्या गावात कुणीतरी पहाटे उठून, तिचा उजवा पाय पुढे असतो हे लक्षात ठेवून, तिच्या वाटेतले खडे वेचले होते.

तिचे डोळे भरून आले. देनीने बघू नये म्हणून ती कट्ट्याकडे वळली.

"आभार," ती मोठ्याने म्हणाली. "तुम्ही जे कोणी असाल ते. फार आभार. उद्या तुम्हीही या. जागा तुम्ही करता, पहिला मान तुमचा."

ही काही तिने शोधून काढलेली गोष्ट नव्हती. जो जागा तयार करतो त्याचा पहिला मान, पहिली उडी त्याची, हे बोर्डावर उभं राहायला शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कळतं. इतकं सवयीचं वाक्य होतं, की ते बोलताना आपण कुणाला बोलावतोय याचा तिने विचारच केला नाही.

४

दुपारी ऊन इतकं पांढरं होतं, की चित्रण पांढरंफटक पडलं असतं. म्हणून लॉजच्या खोलीत, पंख्याखाली, दोघं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सकाळचं काम बघत बसले. खाली रस्त्यावरून पामोन्यावाल्याची गाडी भोंग्यावर ओरडत गेली. देनीने खिडकीतून हात करून दोन घेतल्या, किसलेल्या मक्याच्या, मक्याच्याच पानात बांधलेल्या, वाफाळत्या.

पडद्यावर जुसिमारा आली, उडी, चार हात घासत गेली, उतरली. देनीचा कॅमेऱ्यामागचा आवाज, "वा, बाई, वा." आणि मग टक, टक, टक.

जुसिमाराने पामोन्या खाली ठेवली. "मागे घे."

पुन्हा उडी, पुन्हा उतरणं. टक, टक, टक.

कुणी चांगली उडी मारली की बोर्डाचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, जमिनीवर आपटतात. बोर्डवाल्यांच्या टाळ्या त्याच.

"तू आपटलास?"

"दोन्ही हातांत कॅमेरा, मीही बोर्डावरून तुझ्या मागे येतोय. मी काय नाकाने आपटणार?"

"मग दुकानाचं शटर असेल."

"असेल." देनीने खिडकीच्या पडद्याला पानाचा चिकट हात पुसला. मग तो म्हणाला, "जुसी, बाजार बंद होता."

कालची कॅसेट त्यांनी लावली. तिच्यातही होतं. फक्त लांबून, चौकाच्या दुसऱ्या टोकाकडून आल्यासारखं. आजचं जवळ होतं. कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला.

देनी उठला आणि खोलीचं दार, जे आधीच बंद होतं, ते त्याने पुन्हा एकदा ओढून बघितलं. "उद्या दोनची बस आहे," तो म्हणाला. "सकाळी कुठे जायला नको. फिल्मचा शेवट गेला खड्ड्यात."

"तीन वर्षं देनी."

"मला माहीत आहे किती वर्षं. दर रविवारी बायको मोजून सांगते."

"कुणी वाईट केलंय का आपलं? सांग ना. झाडलं, भेग भरली, टाळ्या वाजवल्या."

देनीचा चेहरा फ्रीजमागे हात घातल्यावर काहीतरी हललं की होतो तसा झाला होता.

५

तिसऱ्या दिवशी जुसिमाराने ठरवलं, आपण कुठे जाणार हे आपल्यालाही कळू द्यायचं नाही. समोर जी सिटीबस आली तीत चढायचं, सातव्या थांब्यावर उतरायचं, दोनदा डावीकडे वळायचं. हा तिचा हिशेब होता. कुणी माणूस मागावर असेल तर फसेल. आणि फसला, तर तो माणूसच होता हे कळेल आणि जीव थाऱ्यावर येईल.

दुसऱ्या डाव्या वळणावर बंद पडलेली एक कापडगिरणी होती. फाटकाला अकरा पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या कडेने खाली उतरत जाणारा रुंद दगडी कठडा.

जन्मभर शोधावी अशी जागा. झाडलेली. वरचा सगळा रस्ता, अकरा पायऱ्या, खालची फरशीही. मेणबत्ती कठड्यावर वरपासून पार खालच्या टोकापर्यंत घासलेली होती. जुसिमाराने भेगेवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. पुट्टी ओली होती.

"आत्ता भरलीय," ती कुजबुजली.

रस्त्यावर कुणी नव्हतं. समोरच्या घरात रेडिओवर बाजारभाव सांगत होते. एक कोंबडी रस्ता ओलांडून गेली.

"चल," देनी म्हणाला. त्याने तिचा दंड धरला. "जुसी, ऐक माझं. परवा दीड हात, काल चार हात, आता अकरा पायऱ्या. हे तुला खेळवतंय. दर वेळी थोडं पुढे."

त्याचं बरोबर होतं, आणि तिला ते कळत होतं. पण तिने पायऱ्यांकडे बघितलं आणि फिल्मचा शेवट तिला दिसला. हॉलमध्ये बसलेली आई दिसली. घोट्यातले स्क्रू तिला आतून जाणवले. एकदाच. एकदाच जमलं की झालं.

"पुट्टी वाळू दे," ती म्हणाली.

ते थांबले. वीस मिनिटं दोघं पायरीवर बसून होते, एकमेकांना खेटून. जुसिमारा दर थोड्या वेळाने वरच्या रस्त्याकडे बघायची. पहिला मान दिला होता. कुणी आलं नाही. मनातल्या मनात तिने माफी मागितली, आमची बस आहे, फार वाट बघता येत नाही. मग देनी कॅमेरा घेऊन खाली गेला, कानाला हेडफोन लावला आणि हात वर केला.

६

ती निघाली. एक धक्का, दोन, तीन. पुट्टी भरलेल्या भेगेवरून चाकं जराही न अडखळता गेली. आणि तेव्हा तिला कळलं, की चाकांचा आवाज दोन ठिकाणांहून येतोय. एक तिच्या पायाखालून. एक तिच्या पुढून, हाताच्या अंतरावरून.

तिने बोर्डावरून उडी टाकली. तिचा बोर्ड घरंगळत जाऊन भिंतीला लागला आणि गप्प झाला. पुढचा आवाज थांबला नाही.

शेपूट आपटल्याचा आवाज झाला. मग दगडावर अॅक्सल चढला. कठड्याच्या कडेवरून मेणाचा निळसर चुरा उडत गेला, एक पायरी, दोन पायऱ्या, पाच, आठ, कुणाचाही पाय दिसत नव्हता आणि चुरा उडतच होता. इतकं सुंदर घासत गेलेलं तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग शेवटच्या टोकाचा दगड, जो तिला घट्ट वाटला होता, तो एका बाजूला कलंडला.

खालच्या फरशीवर काहीतरी आपटलं आणि त्यात एक बारीक, कोरडा आवाज होता. तो जुसिमाराच्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी तो तिच्याच पायातून आला होता.

कुणी ओरडलं नाही. रेडिओवर कांद्याचा भाव सांगितला.

"जुसी." देनी जागचा हलला नव्हता. डोळा कॅमेऱ्याला लागलेला, आणि कॅमेरा रिकाम्या फरशीवर रोखलेला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "जुसी, यात दिसतंय."

"काय?"

"पाठमोरं आहे. पाय धरून बसलंय." त्याने कॅमेरा घट्ट धरला. "वळतंय आता."

जुसिमाराने कलंडलेल्या दगडाकडे बघितलं. तो तिच्यासाठी कलंडायचा होता. तो आवाज तिचा असायचा होता. पातेल्यापुढे उभी न राहू शकणारी ती बाई, ती असायची होती. भीती होतीच, आणि त्याच वेळी मनात कृतज्ञता दाटून आली.

"कॅमेरा बंद कर."

"जुसी, असा शेवट जगात कुणाकडे नसेल."

"मी पडले तेव्हा तू काय केलंस? आधी कॅमेरा खाली ठेवलास. बंद कर देनी."

त्याने एक क्षण आणखी बघितलं. मग डोळा काढला, बटण दाबलं आणि कॅमेरा फरशीवर ठेवला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्याने काय बघितलं ते तिने तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही विचारलं नाही.

ती पायऱ्या उतरली. झाडलेल्या फरशीवर काहीच नव्हतं. तिने खाली बसून आपला खांदा पुढे केला आणि नजर जमिनीवर ठेवली.

"दुखतंय ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "घाई नको. त्या पायावर भार देऊ नका. माझ्यावर द्या."

बराच वेळ काही झालं नाही. मग खांद्यावर वजन आलं. कोमट, आणि घेवड्याच्या पोत्याएवढं जड. ती हळूहळू उठली आणि ते तिच्याबरोबर उठलं, पूर्ण नाही, अर्धंच. देनी आला. डोळे मिटून तो दुसऱ्या बाजूला उभा राहिला, वाकला, आणि त्याचाही खांदा खाली गेला.

"कुठे राहता?" जुसिमाराने विचारलं. "आम्ही सोडतो."

खांद्यावरचं वजन हललं. एक पाऊल, मग एक फरपट. एक पाऊल, एक फरपट. पहिल्या कोपऱ्यावर उजवीकडे, दुसऱ्या कोपऱ्यावर उजवीकडे, बसस्टँडच्या रस्त्याला. देनीने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं, ते कुठे निघालंय.

जुसिमाराने खांदा काढून घेतला नाही. उलट हात मागे नेऊन तिने ते वजन नीट सावरून धरलं.

"बसमध्ये माझ्या जागेवर बसा," ती म्हणाली. "मी उभी राहते. माझे पाय धड आहेत."